ओली शिवण

१६ ऑगस्ट, शनिवार

दुकानातल्या तंबूत मी आडवी झाले आणि उठायचं विसरले. नाही, विसरले असं लिहिणं खरं नाही. उठावंसं वाटलं नाही.

होटन गावातल्या त्या दुकानात मागच्या बाजूला तंबू उभे करून ठेवलेले असतात. डेव्हिन नावाचा कॉलेजातला मुलगा तिथे काम करतो. "बूट काढ आणि आत जाऊन पड," तो म्हणाला. "बाहेरून बघून तंबू कळत नाही." मी आत गेले. त्याने बाहेरून चेन ओढली, म्हणाला, "आता मी नाहीच असं समज," आणि खरंच निघून गेला. हिरवं कापड, हिरवा उजेड. हात जरा पसरले की दोन्हीकडे कापड लागायचं. कुणाचं कोपर नाही, कुणाचा पाय नाही, कानाशी कुणाचा श्वास नाही. बाहेर आले तेव्हा एक म्हातारं जोडपं आत शिरायला ताटकळत उभं होतं. त्यातल्या बाई म्हणाल्या, "झोप झाली का गं?" मी त्यांची माफी मागितली. मग डेव्हिनचीही मागितली. तो म्हणाला, "कशाबद्दल?"

आमच्यात असं कुणी विचारत नाही. घरी किंवा आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी माफी मागितली, की समोरच्याने हातातलं काम थांबवायचं आणि म्हणायचं, "माफ आहे, येशूच्या नावाने माफ आहे." आधी माफ करायचं. कशाबद्दल ते नंतर सांगावंसं वाटलं तर सांगायचं. डेव्हिनला हे समजावता आलं नाही, मी नुसती मान हलवली आणि त्याच्याकडून यायची माफी तशीच राहिली.

मी एकवीस वर्षांची आहे आणि आजवर एकदाही एकटी झोपलेली नाही. आधी मुम्मूजवळ, म्हणजे बाबांच्या आईजवळ; ती गेल्यावर जनेलजवळ. उन्हाळ्यात मोठ्या तळ्यावर जायचो तेव्हाही बाबांच्या कॅनव्हासच्या तंबूत आम्ही नऊ भावंडं वयाप्रमाणे ओळीने, या टोकाला आई, त्या टोकाला बाबा. त्याचं मला दुःख आहे असं नाही. मला फक्त दोन रात्री हव्या आहेत. घरी मात्र मी सांगितलंय, की तळ्याच्या वरच्या किनाऱ्यावर अकीकाचे खडे शोधायला जायचंय. खडे मी शोधीन, म्हणजे ते अगदी खोटं ठरणार नाही. पण जाण्याचं कारण खडे नाहीत.

तंबू दोन आणले, दोन्ही एका माणसाचे. एक हिरवा: दोन काठ्या एकमेकींवरून वाकवल्या की आपला आपण उभा राहतो, खुंटी लागत नाही. दुसरा करडा: त्याहून हलका, घडी केली तर पावाएवढी, पण खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्याशिवाय ते नुसतं कापड. डेव्हिन म्हणाला, "वरच्या किनाऱ्यावर खुंटी कुठे ठोकणार? सगळा खडक. हिरवा घे, तो स्वतःच्या पायावर उभा राहतो." मला करडाही सोडवेना, पाठीवर वाहून न्यायचंय. मग त्याने दोन्ही दिले. घरी उभे करून बघायचे, एक ठेवायचा, दुसरा न वापरता, स्वच्छ, परत द्यायचा.

१८ ऑगस्ट, सोमवार

जनेलची माफी मागितली. ती बटाटे सोलत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "माफ आहे, येशूच्या नावाने माफ आहे, आणि आज हे तिसऱ्यांदा आहे, इर्मा. तू आता घाऊक मागत जा, मी आठवड्याची एकदम देते."

"सुरी थांबवायची असते," मी म्हटलं.

तिने सुरी ठेवली, हात पुसले, डोळे मिटले आणि पुन्हा म्हणाली, अगदी पाद्रीबाबांच्या आवाजात. सहा वर्षांची ट्रूडी खुर्चीवरून पडेपर्यंत हसली. मला हसू आलं, मग वाटलं की अशा गोष्टीला हसायला नको होतं.

माफी मागायचं कारण असं की दुकानातला दोन माणसांचा तंबू फार काही जड नव्हता. मी तो हातात घेऊन बघितला होता. घरी मी म्हटलं, पाठीला झेपणार नाही. खरं म्हणजे झेपला असता. दोघींची जागा असली असती तर जनेल आली असती.

हे मी तिला सांगितलं. तिने पुढचा बटाटा उचलला. सोलता सोलता विचारलं, "मग तू जाणार कधी?"

"चार सप्टेंबर, गुरुवारी. शनिवारी साउनाच्या वेळेपर्यंत परत."

"म्हणजे गुरुवार आणि शुक्रवार. दोन्ही रात्री?"

"हो."

"पक्कं ना? की तुझा बेत बदलेल?"

बिचारीचा चेहरा बघवेना. आता रात्री ती पलंगावर हात-पाय ताणून झोपली आहे, आडवी, मोजमाप घेतल्यासारखी. मी कडेला बसून लिहितेय. तिला माझी सवय झाली आहे. दोन रात्री तिला झोप लागणार नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज दोन्ही तंबू उभे केले. बाहेर वारा होता आणि गवत ओलं होतं, एक परत द्यायचाय म्हणून डाग पडायला नकोत, तेव्हा घरातच. माडीवर शिवणाची खोली तेवढी रिकामी असते, म्हणजे आईचं शिवणयंत्र आणि हिवाळ्याच्या रजया एवढंच तिथे. त्या खोलीला दार नाही. मी पाच वर्षांची असताना आईने ते उतरवलं, त्याला चार पाय लावले, आणि त्याच टेबलावर आम्ही सगळे शिकलो. माझ्या जागेसमोर कडीचं भोक होतं. बेरीज करताना मी त्यात बोट घालून बसायची. आता तिथे ट्रूडी घालते.

करड्याचे हाल झाले. जनेलने एक दोरी शिवणयंत्राला बांधली, दुसरी खिडकीच्या मुठीला, तिसरी स्वतः धरून उभी राहिली. "हा तंबू नाही, हे आजारी माणूस आहे," ती म्हणाली. "चौघांनी धरल्याशिवाय उठत नाही." हिरवा मात्र मी एकटीने उभा केला. काठ्या वाकवल्या, आकडे लावले, सोडला, आणि तो राहिला. उचलून भिंतीकडे सरकवला, तिथेही राहिला.

सगळी पोरं आळीपाळीने आत जाऊन आली. मग आई वर आली. हाताला कणीक होती, निसू म्हणजे वेलचीचा गोड पाव करत होती. सगळा जिना वेलचीच्या वासाने भरला. "बघू," म्हणाली आणि कणकेचे हात वर धरून गुडघ्यांवर आत गेली. आडवी झाली. मग म्हणाली, "ते लावा."

"काय?"

"चेन."

मी लावली. आम्ही बाहेर उभे. आतून काही आवाज नाही.

"आई, कसा वाटतोय?"

"थांब."

"आत काय दिसतं?"

"काही नाही."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"काही दिसत नाही, म्हटलं ना."

खाली बटाट्यांचं पाणी उतू जाऊन चुलीवर चरचरलं तेव्हा ती बाहेर आली. मला वाटतं तिला तंबू आवडला नाही. कापड फार पातळ आहे असं तिला वाटलं असणार. ती काहीच बोलली नाही, आणि आईला नाही म्हणायचं असतं तेव्हा ती काहीच बोलत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

प्रार्थनेनंतर व्हर्ना आत्या जेवायला आली. ट्रूडीने तिला हात धरून माडीवर नेलं. खाली येऊन आत्याने खुर्ची ओढली आणि साखर ढवळत म्हणाली, "एका माणसाचा तंबू. शवपेटीवाल्याने काढलेला दिसतोय."

"खडे शोधायला जाणार आहे," मी म्हटलं.

"खडे आमच्या दारात पडलेत पोत्याने. ये आणि ने." मग आईकडे वळली. "लॉइस, आपण एवढी पोरं वाढवली, आपल्याला कधी सुचलं का असलं? मला तर घरात शांतता झाली की भीती वाटते. वाटतं, कुणीतरी मेलं."

आई म्हणाली, "कॉफी घे, व्हर्ना."

"घेतेय. मी म्हणते, देवाने एवढी माणसं दिली ती काय चेन लावून बाहेर ठेवायला?"

"कॉफी थंड होईल."

आत्या गेल्यावर आईने भांडी घासायला घेतली. मी पुसायला गेले तर म्हणाली, "तू जा, मी करते." मी दारातून बघितलं. नळ सोडून ती नुसती उभी होती. माझ्यामुळे तिला बोलणी खावी लागली. आत्यासमोर तिला माझी बाजूही घेता येईना, कारण आत्याचंच बरोबर आहे असं तिला वाटत असणार.

२६ ऑगस्ट, मंगळवार

हिरवा ठेवायचा हे ठरलं, आणि ते आईने ठरवलं. तिने काठ्या हलवून बघितल्या, जाळी उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "हाच. दुसऱ्याचं काही खरं नाही." मला एवढं हलकं वाटलं की लाज वाटली. म्हणजे ती मला जाऊ देणार.

पण लगेच म्हणाली, "शिवणी मात्र भरून घ्यायला हव्यात. पाऊस शिवणीतूनच येतो. त्याचं औषध मिळतं बाटलीत. मी लावीन, तुला नीट जमणार नाही."

मी बाटली आणली. आई म्हणाली, एका दिवशी एकच शिवण लावायची, आतून, आणि ती वाळेपर्यंत चेन लावून ठेवायची, नाही तर धूळ बसते. दुपारी मांडीवरची धाकटी झोपली आणि मी बाकीच्यांना वाचायला बसवलं की ती वर जाते. आज गेली ती बराच वेळ आली नाही.

तंबूच्या पिशवीत एक कागद आहे. त्यावर लिहिलंय की शिवणी कारखान्यातच बंद केलेल्या आहेत, काही लावायची गरज नाही. मी तो कागद आईला दाखवला नाही. एवढ्या कष्टाने ती करतेय, तिला कशाला ओशाळं करायचं. पण न सांगणं म्हणजेही खोटंच. शिवाय एकदा औषध लागलं की तंबू दुकानात परत जाणार नाही, म्हणजे मी आता मागे फिरू शकत नाही, आणि याचा मला आनंद होतोय. हे सगळं एकाच कागदामुळे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

बाबा आठवडाभर ओंडक्यांचा ट्रक घेऊन बाहेर होते, आज दुपारी आले. दारातच विचारलं, "लॉइस कुठे आहे?"

ट्रूडी म्हणाली, "आई वाळतेय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "शिवण वाळतेय. आई वर आहे."

ते बूट न काढताच जिना चढायला लागले, मग अर्ध्यात थांबले, खाली आले, बूट काढले आणि मोज्यांवर वर गेले. मी मागोमाग. शिवणाच्या खोलीत तंबूसमोर ते उकिडवे बसले. एवढा मोठा माणूस, आणि चेनवर टकटक कशी करायची ते कळेना, म्हणून कापडाला एक बोट लावलं.

"लॉइस. मी आलोय."

"कळलं," आतून आई म्हणाली.

"बरं आहे ना?"

"बरं आहे."

"कॉफी आणू?"

"नको. तुम्ही प्या."

बाबा तिथेच बसून राहिले. मग उठले, खाली आले आणि सगळ्या पोरांना गाडीत घालून पोहायला घेऊन गेले. आठवडाभर गाडी चालवून आलेला माणूस. मला वाटतं, आई माझ्यावर रागावली आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि घरात पोरांसमोर काही नको म्हणून ते त्यांना घेऊन गेले. मीही गेले. पाण्यात कुणीच मला ओढलं नाही, मी नुसती काठावर बसले.

३० ऑगस्ट, शनिवार

आज साउनाचा शनिवार, म्हणजे वाफेच्या अंघोळीचा.

साउनात आधी बाबा आणि मुलगे जातात, मग आम्ही. शेवटी मी आणि आई दोघीच राहिलो. वाफेत एकमेकींचे चेहरे नीट दिसत नव्हते, म्हणून धीर झाला. म्हटलं, "आई, मला माफ कर." आणि ती काही म्हणायच्या आतच सगळं सांगून टाकलं: खड्यांसाठी जात नाहीये. मला कुणी नको आहे. दोन रात्री मला कुणाचाच आवाज नको आहे, तुझासुद्धा.

आईने दगडांवर पाणी टाकलं. वाफ वर चढली आणि खाली आली. मग ती म्हणाली, "यात माफ करण्यासारखं काही नाही."

मी वाट बघितली. तिने माझ्या पाठीला साबण लावून दिला, केस धुवून दिले, लहानपणी द्यायची तसे. पण ते शब्द म्हणाली नाही.

आमच्या घरात असं कधी कुणी म्हटलेलं नाही. ट्रूडीने दुधाचा अख्खा जग सांडला तेव्हाही आईने टेबल पुसायच्या आधी तिला म्हटलं होतं, माफ आहे. बाबा आणि कार्लो काका वर्षभर बोलत नव्हते, तरी काकाने माफी मागितली त्या क्षणी बाबांनी म्हटलं. माफ करण्यासारखं काही नाही, म्हणजे मागितलेलं तिने घेतलंच नाही. तसंच परत केलं. मुद्दाम तसं करण्याइतकी मी तिला दुखावली आहे.

जनेलला सांगितलं. ती उशीत तोंड खुपसून म्हणाली, "तिला तसं म्हणायचं नसेल."

"मग कसं म्हणायचं असेल?"

"जसं म्हणाली तसं." मग डोकं वर काढलं. "इर्मा, तू जाणार आहेस ना पण?"

२ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून घरची शाळा सुरू झाली. जाणार नाही असं मी ठरवलं.

सकाळी धाकट्यांना शुद्धलेखन घातलं. आई दाराच्या, म्हणजे टेबलाच्या, एका टोकाला धाकटीला मांडीवर घेऊन दुसऱ्याला वजाबाकी शिकवत होती, तिसरा तिच्या खांद्यावरून वाकून काहीतरी विचारत होता, आणि ती प्रत्येकाला त्याच्या त्याच्या स्वरात उत्तर देत होती. मी अठरा वर्षांची होईपर्यंत माझ्यासाठीही ती तशीच होती. आणि मला तिचा आवाज नको होता.

पोरं अंगणात गेल्यावर मी म्हटलं, "आई, मी जात नाही. करडा परत देते. हिरव्याला औषध लागलंय, तो दुकानात घेणार नाहीत, पण तिथे जुन्या सामानाच्या जाहिरातींचा फळा असतो, कुणीतरी घेईल. आज दुपारी मी तो उतरवून ठेवते."

आईने धाकटीला खाली ठेवलं.

"हिरवासुद्धा?"

"हो."

"आज नको," ती म्हणाली. "शेवटची शिवण ओली आहे."

"मग उद्या."

"उद्यासुद्धा ओली असेल. हवेत दमटपणा आहे." तिने टेबलावरची खोडरबराची भुकटी एका हाताने दुसऱ्या हातात गोळा केली. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाली, "इर्मा, मला माफ कर."

मी घाबरले. आईने माझी माफी मागावी असं काही घडलेलं नव्हतं. पण आधी म्हणायचं असतं, म्हणून मी म्हटलं, "माफ आहे, येशूच्या नावाने माफ आहे." मग थांबले. कशाबद्दल ते तिने सांगितलं नाही. भुकटी मुठीत तशीच धरून ती बाहेर कपडे वाळत घालायला गेली.

ती दोरीपाशी असतानाच मी वर गेले. तिचे कष्ट वाचवावे, तंबू आपणच उतरवावा एवढंच मनात होतं. चेन उघडली. खिडकीतून ऊन आत येत होतं आणि सगळं हिरवं झालं होतं. औषधाची बाटली कोपऱ्यात उभी होती. टोपणाला कारखान्याची पट्टी तशीच होती, न फाटलेली. मी शिवणींवरून बोट फिरवलं, एक, दुसरी, मग डोक्यावरची. कोरड्या. कशालाच कधी काही लागलेलं नव्हतं. मधोमध एक रजई अंथरलेली, तिच्यावर माणूस कुशीवर पडल्याचा खोलगट ठसा. उशाशी सफरचंदाचा उरलेला गाभा.

आई अख्खं सफरचंद खात नाही. मी तिला कधी खाताना पाहिलेलं नाही. ती सुरी घेऊन बसते, फोडी करते, आणि फोडी संपतात. हे मात्र दातांनी खाल्लेलं होतं, चारही बाजूंनी, अगदी बियांपर्यंत.

मी काहीही उचललं नाही. बाटली होती तिथेच ठेवली, तिचं लेबल ज्या बाजूला होतं त्याच बाजूला. बाहेर आले आणि चेन होती तशी खालपर्यंत लावली.

संध्याकाळी वाढताना आईच्या ताटाकडे बघवेना. तिने पाच वेळा उठून वाढलं. इतकी वर्षं मी तिच्या समोरच बसतेय.

३ सप्टेंबर, बुधवार

दुकानात गेले. डेव्हिन म्हणाला, "कुठला परत करतेस?"

"कुठलाच नाही."

"दोन्ही ठेवणार? एका माणसाचे दोन तंबू?" त्याने माझ्या पाठीमागे डोकावून बघितलं. "दुसरा माणूस कुठे आहे?"

"घरी," मी म्हटलं.

त्याला काय वाटलं कोण जाणे, तो लाल झाला. मी समजावत बसले नाही. खडकावर करडा कसा उभा करायचा ते विचारलं. तो म्हणाला, खुंट्यांच्या जागी दोऱ्यांना दगड बांध, जड दगड, आणि त्यांच्यापुढे आणखी दगड लाव. कटकट आहे, पण होतं. "हिरवा घेऊन जा ना सरळ," तो म्हणाला. "त्यासाठीच तर तो आहे."

घरी आले तेव्हा आई कणीक मळत होती. मी दारात उभी राहिले.

"आई, मी उद्या जातेय. करडा घेऊन."

"करडा?" तिचे हात थांबले. "त्याला खुंट्या लागतात. तिथे खडक आहे."

"दगड बांधीन. डेव्हिनने सांगितलंय."

"हिरवा ने, इर्मा. मी हट्टाने हिरवा घ्यायला लावला तो तुझ्यासाठी..." ती थांबली. "आज उतरवून देते मी."

"नको," मी म्हटलं. "मी वर जाऊन बघितलं. शिवण हाताला ओली लागतेय."

आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या गालाला पीठ लागलं होतं. मी नजर हलवली नाही. माझे कान तापले होते, खोटं बोलताना ते लहानपणापासून तापतात आणि हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

"ओली लागतेय?" तिने विचारलं.

"हो. हिवाळाभर ओली राहील असं दिसतंय. राहू दे उभा तिथेच."

ती पुन्हा कणीक मळायला लागली. मग कणकेकडेच बघत म्हणाली, "मग दुपारी मला रोज जाऊन बघावं लागेल."

"बघावंच लागेल. दुपारी मी पोरांना धरून ठेवीन."

"तू दोन दिवस नाहीस."

"जनेल धरेल. मी तिला सांगते."

जनेलला सांगितलं. तिने कारण विचारलं नाही, फक्त म्हणाली, "म्हणजे दोन रात्री पलंग माझा आणि दोन दुपारी पोरं माझी." आणि मग, "चालेल."

४ सप्टेंबर, गुरुवार, वरचा किनारा

बाबांनी कच्च्या रस्त्याच्या टोकापर्यंत सोडलं. पिशवी पाठीवर चढवताना विचारलं, "तुझी आई दुपारी वर जाते ते..." आणि वाक्य सोडून दिलं. मी म्हटलं, "शिवण वाळायला वेळ लागेल, बाबा." ते म्हणाले, "हं. घाई नाही." ट्रक वळवताना त्यांनी हॉर्न वाजवला नाही. एरवी वाजवतात.

करडा तंबू उभा करायला दुपार गेली. खडक लाल, उताराचा, बोटभरही माती नाही. दगड गोळा केले, दोऱ्या गुंडाळल्या, ताणल्या, एक कोपरा धरला की दुसरा सुटायचा. दोनदा सगळा बसला. हिरवा असता तर केव्हाच झालं असतं, हे प्रत्येक गाठीला मनात आलं, आणि प्रत्येक गाठीला वाटलं, आता ती वर गेली असेल. आता चेन लावली असेल. शेवटी तंबू राहिला. वाकडा आहे, वारा आला की एक बाजू पोटासारखी आत येते. पण राहिलाय.

खडे शोधले. मिळाला एकच, वाटाण्याएवढा, तोही अकीक आहे की नाही कुणास ठाऊक.

आता ऊन उतरलंय. आत आडवी होऊन लिहितेय. तळं सतत काहीतरी बोलतंय, पण माझ्याशी नाही. कुणालाही माझ्याकडून काही नको आहे. मला वाटलं होतं मला अपराधी वाटेल, आणि वाटतंय: धाकटीला झोपताना मी लागते, आणि आईने शनिवारचं अजून मला माफ केलेलं नाही. ते परत गेल्यावर पुन्हा मागायचं आहे.

मघाशी प्रार्थनेला गुडघ्यांवर बसले, डोकं कापडाला लागत होतं. रोजच्याप्रमाणे, कालपासूनचं एकेक आठवून पुढे ठेवलं: दुकानात डेव्हिनचा गैरसमज तसाच राहू दिला ते, बाबांना दमलेले असताना एवढ्या लांब यायला लावलं ते, जनेलवर पोरं टाकली ते. मग ओल्या शिवणीच्या कालच्या खोट्यापाशी आले. थोडा वेळ थांबले. आणि माफी न मागता ते तिथेच ठेवून पुढच्याकडे गेले.